आरिफ मध्ये आला

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. उद्यापासून गोडाऊनमध्ये सेफ्टी वीक. अख्ख्या शिरूर तालुक्यात माझ्यासारखा फोर्कलिफ्टवाला नाही. रविराज साहेब तसं बोलून दाखवत नाहीत, पण नजरेत दिसतं.
संकल्प : बेल्ट लावायचा. कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा. मालामुळं पुढचं दिसत नसेल तर रिव्हर्समध्ये जायचं.

५ मार्च
बेल्ट लावला. पोट आवळतं. सारखी चढउतार, तेवढ्यासाठी कामाचा खोळंबा नको. बेल्ट नवशिक्यांसाठी असतो. हॉर्न चालू आहे.

६ मार्च
झाडणाऱ्या मुक्ताबाई हॉर्ननं दचकल्या, वर मलाच बोलल्या. म्हणजे हॉर्नच धोक्याचा. बंद. रिव्हर्सनं मान धरते. तेही बंद.
जेवताना पॅकिंगचा आरिफ म्हणाला, भाऊ, एवढा उंच माल घेऊन सरळ येताय, पुढचं दिसतंय का तुम्हाला? म्हटलं, मला अंदाज हाय. हसला. पटलं असावं.

९ मार्च
लिहायचं नव्हतं.
कोपऱ्यावर वळलो आन् किंकाळी आली. वाटलं, मालाखालचं पॅलेट खचलं. उतरून बघतो तर आरिफ खाली, बूट चाकाखाली. सगळे म्हणतात, तो चालायच्या पिवळ्या पट्ट्यातच होता. पट्टा पुसट झालाय. आत कुठलं आन् बाहेर कुठलं, कुणी ठरवायचं?
दवाखान्याच्या गाडीत घालेपर्यंत त्यानं माझा हात घट्ट धरला होता. माझी चूक असती तर धरला असता का?

११ मार्च
शिरूरला दवाखान्यात जाऊन आलो. पंजाची हाडं मोडलीत. त्याची आई जन्नतबी म्हणाल्या, तुम्ही आलात, लई बरं वाटलं. त्यांनी स्टूल दिलं. बसवेना.
आई बाहेर गेल्यावर आरिफ हळूच म्हणाला, साहेब येऊन गेले. मी त्यांना सांगितलं, मीच न बघता मध्ये आलो. तुमची पोरं शिकतायत भाऊ, तुमचं काम जायला नको.
असं नको म्हणणार होतो, तेवढ्यात नर्स आली.
संकल्प : उद्या साहेबांना खरं सांगायचं.

१२ मार्च
साहेब पुण्याला.

१४ मार्च
केबिनमध्ये गेलो. साहेबांनी चहा मागवला. चहा पिताना असला विषय काढणं बरं दिसत नाही.

१७ मार्च
बायकोनं, सुलक्षणानं विचारलं, साहेबांना सांगितलं का? म्हटलं, योग्य वेळ बघतोय. तिनं ताटात भाकरी टाकली आन् न जेवता आत गेली. सध्या तिला भूक कमी आहे.

२४ मार्च
साहेब म्हणाले, आरिफ बेफिकीर निघाला, त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवायचं का नाही बघावं लागंल. घाईत बोललं की उलटं होतं. हल्ली त्या कोपऱ्यावर पाय आपोआप ब्रेकवर जातो. ब्रेक चेक करून घ्यायला पाहिजेत.

२ एप्रिल
उद्या नवीन भरतीला फोर्कलिफ्टची सेफ्टी मी समजवायची, असं साहेबांनी सांगितलं. आरिफलाही बोलावलंय. बरंच झालं. सगळ्यांदेखत सांगून टाकणार : चूक माझी. दोनच शब्द. आंघोळ करताना म्हणून पाहिले. जमतंय.

३ एप्रिल
आरिफ कुबड्या घेऊन आला. पहिल्याच खुर्चीवर बसला.
बेल्ट, हॉर्न, रिव्हर्स, सगळं झकास सांगितलं. मग साहेब म्हणाले, आता आरिफचं काय झालं ते सांग. मी आरिफकडं बघितलं. तो प्लास्टरकडं बघत होता.
म्हणालो, चालणाऱ्यानं मशीनच्या मध्ये येऊ नये.
टाळ्या झाल्या. आरिफनं कुबड्या मांडीवर आडव्या ठेवल्या आन् त्यानंही वाजवल्या.
सुटल्यावर गेटवर म्हटलं, चल, गाडीवर निमोण्याला तुझ्या घरी सोडतो. म्हणाला, नको, एसटीनं जाईन. ऊन होतं. टेकत टेकत स्टँडकडं निघाला. मी गाडीला किक मारली. तो वळणाआड जाईपर्यंत क्लच सोडता आला नाही.