मोतीच्या कानाची कड

मुळशी, पौष, रविवार सायंकाळ

रस्त्यावरून उचलून आणलेल्या मोतीच्या कानाच्या कडेला आज मऊ लव दिसली. लूत खरंच ओसरते आहे. शेरडांना लागण झाली तर कुत्रं घाटाखाली सोडीन, असं आईनं बजावलं होतं. मी रोज करंजाच्या तेलात गंधक खलून चोळते. आई दर रविवारी लांबूनच त्याच्यावर भंडारा उधळते.

"खंडोबाचं कुत्रं. त्यानंच बरं केलं."

"आये, लूत किड्यांनी होते. गंधकानं ते मरतात."

"व्हय गं बीए बाई! मग किडं कुनी धाडलं?"

असं म्हणत खाली बसून तिनं पहिल्यांदाच त्या कानाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि तशीच भाकऱ्या थापायला गेली. हात धू म्हणणार होते. पण मग ती पुन्हा लांबच उभी राहिली असती. चुकलं का माझं? तीच भाकरी मीही खाल्ली.