बिनआवाजाचं बोलणं

आबा, तुमची चाळीस सेकंदांची एक फाइल माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. तिच्यात तुम्ही बोलताय, पण ऐकू काही येत नाही. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि ही सहा वर्षंही मी हिंजवडीच्या कंपनीसाठी घरूनच, दिवसभर लोकांचे न येणारे आवाज लावून द्यायचं काम करतेय. कुणाचा माइक बारीक, कुणाचा स्पीकर गुणगुणतोय, कुणी स्वतःच म्यूट होऊन माझ्यावर डाफरतोय. ‘माझा आवाज येतोय का?’ हे इतक्यांदा कानावर पडतं की जेवताना कुणी विचारलं तरी मी ‘सेटिंग उघडा’ म्हणेन. सगळ्या दुनियेचा आवाज लावून देते, तुमचा तेवढा लागत नाही. त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुम्ही भोसरीला प्रेस शॉपमध्ये होतात. पत्र्यावर प्रेस आदळायच्या त्या आवाजात ओरडून काही उपयोग नसायचा, म्हणून तिथे सगळेच आवाज न काढता बोलायचे. ओठ नीट हलवायचे, जोडीला थोडे हात. चार मशीन पलीकडचा माणूस नुसत्या ओठांनी ‘जयभीम’ घालायचा आणि तुम्ही तसंच ‘चहा आला का’ विचारायचात. तीच सवय घरी आली. आई भाकरी थापत असायची, तुम्ही दारातून ओठ हलवायचात आणि तिला कळायचं. दादाला आणि मलाही कळायचं. पाहुणे बसलेले असताना त्यांच्यादेखत आपण त्यांच्याबद्दल बोलायचो, आणि आईला हसू आवरायचं नाही. एकदा तुम्हाला ऐकू जात नाही म्हणून मी तुमच्या कानाशी येऊन किंचाळले, तर तुम्ही माझी हनुवटी धरलीत. “आगं, वरडू नगं. तोंड हिकडं कर माझ्याकडं.” मी रुसून जेवले नव्हते. रिटायर झाल्यावर तर तुमच्या घशातला आवाज आणखीच कमी झाला. तुम्हाला वाटायचं आपण बोललो, आणि समोरच्याला वाटायचं, आबा नुसते बघत बसलेत.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे मारुंजीला आलात. भाड्याच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत माझं ऑफिस. तो गुरुवार होता, दुपारची वेळ. मी नवीन माइक जोडतेय आणि स्पीकर एकसारखा घूं करतोय. तुम्ही खुर्चीतून उठता, लॅपटॉपच्या पत्र्यावरून बोटं हलकेच फिरवता आणि म्हणता, “अर्थिंग न्हाई हिथं.” एवढं मात्र आवाजात. मी चार्जर काढते, घूं बंद. मला तुमचं कौतुकही वाटलं आणि थोडा रागही आला, कारण तासभर मी सेटिंगमध्येच डोकं घालून बसले होते. मग चार्जर परत लावला, कारण बॅटरी संपत आली होती, आणि रेकॉर्डिंग सुरू करून माइक तुमच्यापुढे ठेवला. “आबा, काहीतरी बोला, बघू आवाज येतो का.” तुम्ही बोलायला लागलात. पडद्यावरची हिरवी पट्टी जागची हलेना. मी म्यूट तपासलं, दुसराच माइक निवडला गेलाय का ते पाहिलं, लेव्हल शंभरावर नेली. “मोठ्यानं बोला हो, जेवला नाहीत का?” म्हणून तुमच्यावर खेकसले. तुम्ही थांबलात. फाइल तिथे संपते. चार दिवसांनी तुम्ही दादाकडे चाकणला राहायला गेलात आणि तिथे तीन आठवड्यांत, घरातले सगळे ड्युटीवर असताना, दुपारी झोपेतच गेलात.

ती फाइल मी किती वेळा धुतली असेल. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर घूं काढतं आणि त्याच्याबरोबर तुम्हालाही काढतं. त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे खोलीतला गोंगाट. म्हणून मी घूं तशीच ठेवते आणि सगळंच वाढवते. मग खालून बारीकसारीक काहीतरी वर येतं. ओठ सुटल्याचा आवाज, जीभ टाळूला लागल्याचा, वाक्य संपल्यावर सोडलेला श्वास. आणि त्या सगळ्याखाली ठराविक अंतरानं एक धप. तो तुमचा उजवा पाय आहे. बसल्या बसल्या तो दाबायची तुम्हाला सवय होती, खाली प्रेसचं पॅडल असल्यासारखी. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी भर दुपारी घरात एकटी होते, तुमची फाइल बंद होती, आणि दुसऱ्याच कामासाठी माइक तपासत होते. खोलीत चिटपाखरू नाही, पंखासुद्धा बंद. तरी हिरवी पट्टी उठली. बसली. परत उठली. मी माइक काढला. माइक काढला की लॅपटॉपचा आतला आपोआप सुरू होतो, हे मी रोज लोकांना सांगते, म्हणून तोही बंद केला. पट्टी उठतच राहिली, तेवढ्याच अंतरानं. मी घाबरले, आबा. स्वतःच्या बापाला घाबरायचं काय कारण, असं मनाला समजावलं आणि तरी चपला न घालताच जिन्यात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी तुमच्या शेजारच्या प्रेसवरच्या काकांकडे भोसरीला गेले. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. मी कागदावर सगळं लिहून दाखवलं आणि स्पीकर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटले. फाइल संपेपर्यंत हात हलवला नाही.

“बोलतोय की,” ते म्हणाले. “ह्यात हुडकून काय मिळायचं न्हाई पोरी. शॉपमधलं बोलणंय त्ये. तोंड दाव त्याचं, लगीच सांगतो.”

तोंड कुठून दाखवू? माझ्याकडे चित्र नाही, नुसती ही फाइल आहे. मी तसं लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे बोट केलं.

“आन तू? तू म्होरंच व्हतीस न्हवं?”

मी लिहिलं, मी पडद्याकडे बघत होते.

ते खोटं होतं. वर तुम्हालाही मी खोटंच लिहिलंय. मी बघितलं होतं, आबा. तुमच्यावर खेकसायच्या आधी मी मान वर केली तेव्हा तुमचे ओठ अगदी सावकाश हलत होते, मला नीट दिसावेत म्हणून. ‘मला चाकणला धाडू नगं. मी हितंच ऱ्हातो, कोपऱ्यात.’ दोनदा म्हणालात. दादाशी माझं फोनवर सगळं ठरलं होतं, तुम्ही ते ऐकलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून वाचलं असणार. मला दिवसभर कॉल असायचे, खोली लहान होती, आणि मी थकले होते. मी मान खाली घातली आणि माइकची लेव्हल वाढवली.

हे दादाला कधी वाचायला देणार नाही. त्याला अजून वाटतं, तुम्ही स्वतःच्या मनानं त्याच्याकडे गेलात. मीच त्याला तसं सांगितलं होतं.