तीन ओळी, एका दमात

८ जुलै
पंचफुलाबाईंना आज वॉर्डातून सुट्टी. मायस्थेनिया. स्नायूंचं बळ दिवस चढेल तसं ओसरत जातं — पापण्या गळतात, घास अडकतो. एखाद्या दिवशी श्वासही! तो दिवस घरच्यांनी आधीच ओळखायचा, आणि ते शिकवायचं काम माझं.
"जेवणाच्या अगोदर गोळी," मी तिसऱ्यांदा बजावलं. "समजलं ना बाप्पा! मी काय येडी आहो का?" बाई फणकारल्या.
दम तपासायचा म्हणून एका श्वासात आकडे मोजायला लावले, तर बाई आकडेच चुकल्या. "शाळा नाई शिकली मी, सिस्टर." मग तोंडपाठ काय आहे? लगेच त्रिसरण म्हणाल्या, 'बुद्धं सरणं गच्छामि'पासून तिन्ही ओळी. खणखणीत! ठरलं — रोज संध्याकाळी तिन्ही ओळी एका दमात. मधेच दम तुटला की थेट दवाखाना. नवऱ्याकडून, कवडूभाऊंकडूनही वदवून घेतलं.

१९ जुलै
पंचफुलाबाईंचा गावाहून, हिंगणीहून, रोज फोन. बुद्धं, धम्मं, संघं — आणि वर, "पास ना, सिस्टर?" दिवसभराची कटकट विसरते मी!

११ ऑगस्ट
आज आवाज नाकातून — बळ ओसरल्याची खूण. रागावले. "लेकीकडे गेलती, गोळी भुलली." पण संघंपर्यंत पोचल्या. हुश्श.

३० ऑगस्ट
फोन नाही. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू आहे, तिथंच असतील.

३१ ऑगस्ट
पंचफुलाबाई गेल्या.
सर्दी-ताप होता म्हणे. सकाळी आणलं तेव्हा ओठ निळे. कवडूभाऊ भिंतीला टेकून एकच धरून बसले, "म्या सोता आयकलं सिस्टर! काल विहारात पुरं म्हटलं तिनं. म्हणून तं आणली नाई."
विहारात! सगळ्यांच्या सुरात! तिचा दम कुठल्या ओळीवर तुटला, कोणाला कळणार? बाजूच्या बायांनी संघंपर्यंत नेलं असेल. एकटीनंच म्हणायचं — इतकी साधी गोष्ट मी बोललेच नाही. रडू आवरत नाही.

२ सप्टेंबर
नवी पेशंट आली, त्याच आजाराची. "एकटीनं म्हणायचं, घरच्यांना गप्प बसवून," चारदा सांगितलं. बिचारी घाबरूनच गेली.

७ सप्टेंबर
संध्याकाळी पंचफुलाबाईंच्या नंबरावरून फोन आला. कवडूभाऊ. जयभीम नाही, काही नाही. एकट्यानं तिन्ही ओळी म्हणाले, एका दमात.
"माहा दम तं पुरला, सिस्टर," म्हणे. "उद्या बी लावू का फोन?"