फुमिएच्या वाट्याचा भात

तोक्यो,
१८ डिसेंबर

प्रिय फुमिए,

आशीर्वाद, नेहमीचेच, नवे शिल्लक नाहीत.

ऋतुवर्णनावाचून पत्र आरंभणे हे असंस्कृतपणाचे लक्षण. सबब नमूद करतो की थंडी पडली आहे आणि माझ्या गुडघ्यांनी तिचे यथाविधी स्वागत केले आहे. सफरचंदे पोचली.

नववर्षाला सोसुकेकडे राहण्याचा तुझा संकल्प समजला. तुझ्या आज्ञेनुसार त्याच्या निवासस्थानाचे निरीक्षण करून आलो. एका स्वयंपाकघरात तीन तरुण जीव नांदतात: तुझे चिरंजीव, गाकुतो नामक अबोल गृहस्थ आणि रिहो ही मुलगी. जागा अपुरी आहे. तू यंदा न येणे श्रेयस्कर.

जागेचे कारण तुला पटणार नाही, हे मी जाणतो.

दार रिहोने उघडले. मी तुझा भाऊ हे ऐकताच तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मामा, आधी काकूंना भेटा, मग चहा."

तू मला न कळवताच येऊन पोचलीस, अशा समजुतीने मी सहर्ष आत गेलो. फडताळावर तुझे छायाचित्र होते, पुढे उदबत्ती आणि वाफाळता भात. छायाचित्र बागेतले, आपल्या दोघांचे. मला कापून वगळले आहे. तथापि माझा एक खांदा तुझ्यासमवेत परलोकवासी झाला आहे.

घडले ते असे. ऑक्टोबरात चिरंजिवांना कोणा मुलीबरोबर समुद्रावर जायचे होते. मातृशोकाची रजा कचेरी विनातक्रार देते. कचेरीने ती दिली, वर शोकपुष्पेही घरी धाडली. ती रिहोने स्वीकारली. परतल्यावर सोसुकेने खुलासा केला नाही, मान खाली घातली. तेव्हापासून ती दोन परकी मुले रोज पहिला भात तुला वाढतात. गाकुतो तर तुझ्याशी बोलतोही. माझ्याशी बोलला नाही.

सोसुकेला मी जिन्यात गाठले. आजच्या आज त्यांना सत्य सांग, म्हणालो. तो ओशाळेल, अशी माझी भाबडी अपेक्षा होती.

"राहू दे ना, मामा," तो शांतपणे म्हणाला. "ती गेल्यापासून माझं तिच्याशी छान जमतंय."

मी आत गेलो, तुझ्यापुढे घंटी वाजवली, हात जोडले. रिहोच्या मते माझे दुःख अत्यंत संयत होते. चहा उत्तम होता.

तिकीट रद्द कर. नववर्षाचे शुभेच्छापत्रही त्या पत्त्यावर धाडू नकोस. सुतकाच्या घरी ते पाठवीत नाहीत.

तुला उदंड आयुष्य चिंतणारा,
तेइझोदादा