बाथरूममधल्या इंजिनाबद्दल मामांना

ती. मामांस,

भाच्याचा नमस्कार. (वाकून करायचा तो सोमवारी करीन. आत्ता हात कोपरापर्यंत ऑइलचे आहेत. कागदाचा डावा कोपरा मळला आहे, तो त्यामुळेच.) तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी गिअरबॉक्स उचललात, हे मामींच्या फोनवरून कळलं. मामींना नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं यापुढे लिहायचं असतं, पण इकडे काहीही ठीक नाही, आणि खोटं लिहायला मला जमत नाही.

मामा, मी फार चिडलो आहे. कुणाकुणावर ते क्रमाने लिहितो, पण पहिला नंबर तुमचाच आहे, राग मानू नका. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही मला वर्कशॉपमधून घरी पाठवलंत. कारण काय, तर एक कार्बोरेटर साफ करायला मी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घेतले. तो कार्बोरेटर पुन्हा तक्रार घेऊन आला का, हे कुणी विचारलं नाही. (आला नाही. मी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन चौकशी केली आहे.) सगळ्या कामगारांसमोर तुम्ही म्हणालात, "याचा हात चालत नाही, याची वही चालते." तेव्हापासून ते मला मिलिमीटर म्हणतात. मग खाणीवरून भंगारात आलेली ती चार जाड टायरांची एटीव्ही टेम्पोत घालून तुम्ही आमच्या दारात उतरवलीत. इंजिन पूर्ण उघड, पूर्ण बांध, चालू करून दाखव आणि मग कामाला ये, नाहीतर काकांच्या पुठ्ठ्याच्या गोदामात खोकी मोजायला जा, असं म्हणालात. मुदत येत्या सोमवारपर्यंत. आज गुरुवार आहे. मला खोकी मोजायची नाहीत, मामा. शाळा माझी अर्ध्यावर सुटली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. या गाडीच्या सीटखाली सापडलेलं दुरुस्तीचं पुस्तक हे मी शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं पहिलं पुस्तक आहे, आणि ते मी दोनदा वाचलं.

त्या पुस्तकात प्रत्येक बोल्टपुढे तो किती जोराने आवळायचा याचा आकडा दिलेला आहे. म्हणून मी तुमच्याकडे एकच वस्तू मागितली होती, तो जोर मोजणारा टॉर्क रेंच, आणि तोही तीन दिवसांपुरता. तुम्ही फोनवर हसलात. टॉर्क मनगटात असतो म्हणालात आणि स्कूटरची गोष्ट पुन्हा सांगितलीत. पंधरावं वर्ष, हातात एकच पाना, पुस्तकबिस्तक काही नाही, आणि आजोबांच्या स्कूटरचं इंजिन एका दुपारी बांधून उभं. (ही गोष्ट मी समजायला लागल्यापासून ऐकतो आहे. तुम्ही सुरू केलीत की आई नेहमी काहीतरी आठवून आत जाते. तिलाही पाठ झाली असावी.) मनगट सगळ्यांनाच असतं, मामा. पण त्यावर आकडे कुठे कोरलेले असतात?

आता दुसरा नंबर तुमच्या भगिनीचा. (ती बरोबर वागते तेव्हा मी तिला आई म्हणतो.) इंजिन उघडताना मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर त्याच्या एका बाजूचं चित्र काढलं, जिथला बोल्ट तिथे भोक पाडलं आणि त्या भोकात तोच बोल्ट खोवला. शेजारी नंबर, लांबी आणि कुठल्या दिवशी काढला ते. असे चार पुठ्ठे माझ्या पलंगावर मांडले आणि मी स्वतः आठ दिवस जमिनीवर झोपलो. नवव्या दिवशी मी पिस्टनच्या रिंगा आणायला बाहेर गेलो आणि परत येऊन बघतो तर पलंगावर धुतलेली चादर! तुमच्या भगिनीने एकूण एक बोल्ट भांड्यांच्या पावडरीने घासून, पुसून, टॉवेलवर उंचीप्रमाणे उभे केले होते, शाळेत कवायतीला उभे करतात तसे. पुठ्ठे रद्दीत. वर मलाच म्हणते, "बघ, कसे आरशासारखे झालेत. तुझ्या मामाच्या दुकानात असतात का असे?" मी जेवलो नाही. त्या बोल्टांची घरं पुन्हा शोधायला मला तीन दिवस लागले. प्रत्येक बोल्ट प्रत्येक भोकात घालून बघावा लागला, आणि ती दारातून जाता-येता विचारायची, अजून सापडलं नाही का रे त्याला घर?

तिसरा नंबर लेथवाल्याचा. सिलिंडर आतून घासून मोठा करायला त्याच्याकडे दिला होता. काम झाल्यावर मी विचारलं, पिस्टन आणि सिलिंडरमध्ये जागा किती ठेवलीत? तो म्हणाला, कागद जाईल एवढी. आता मला सांगा, यात मी चूक काय केली? मी विचारलं, कुठला कागद? वहीचा, वर्तमानपत्राचा की लग्नपत्रिकेचा? तो लेथकडे वळला. मी घरी येऊन तिन्ही कागद घेऊन पुन्हा गेलो. त्याने तिन्ही माझ्या हातातून घेतले, त्या कागदांनी लेथवरचं ऑइल पुसलं, बोळा करून मला परत दिला आणि म्हणाला, "हा कागद." एवढा अपमान कार्बोरेटरच्या दिवशीही झाला नव्हता. (घरी येऊन मी पट्ट्यांच्या गेजने जागा मोजली. अगदी पुस्तकात दिली आहे तेवढीच निघाली. पण त्याने राग कमी होत नाही, वाढतो.)

मग टॉर्कचा प्रश्न आला. तुम्ही रेंच दिला नाहीत, तेव्हा मी तो घरी तयार केला. पाना तीस सेंटिमीटर लांब. तो आडवा धरून टोकाला बादली लटकवायची आणि बादलीत मोजून पाणी ओतायचं. पाण्याच्या वजनाने पाना जेवढा जोर लावेल तेवढाच लागणार, ना कमी ना जास्त. पुस्तकातल्या आकड्यावरून मी हिशोब केला. इंजिनाच्या डोक्याकडच्या चार मोठ्या नटांना दहा लिटर आणि वर एक पेला, बाजूच्या झाकणाच्या बारीक बोल्टांना तीन लिटर चारशे मिलिलिटर. हिशोब चार वेळा तपासला. पाणी ओतायचं आणि सांडायचं म्हणून इंजिन बाथरूममध्ये नेऊन स्टुलावर आडवं बांधलं. ही युक्ती तुमच्या सगळ्या वर्कशॉपमध्ये एकालाही सुचली नसती, असं मला अजूनही वाटतं.

आणि ऐन वेळी चौथा नंबर, म्हणजे बाबा. डोक्याला साबण लावून, डोळे मिटून, पंचा गुंडाळून दाराशी उभे. माझं अंघोळीचं पाणी त्या यंत्राला का टांगलंयस, म्हणून ओरडायला लागले. मी शांतपणे सांगितलं की हे अंघोळीचं पाणी नाही, हे मोजलेलं पाणी आहे, याला हात लावू नका. मी दर नटानंतर वहीत आकडा लिहायला वळत होतो, त्यातच कधीतरी त्यांनी चाचपडत एक तांब्या काढून डोक्यावर ओतला. कुठल्या नटाच्या वेळी काढला ते काही केल्या सांगेनात. "दिसत नव्हतं मला! डोळ्यात साबण होता!" म्हणजे चारही नट सैल करून पुन्हा पहिल्यापासून. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ऑफिसात त्यांच्या कानामागे वाळलेला साबण कुणाला तरी दिसला म्हणे.

आता शेवटचा आणि सगळ्यात मोठा नंबर, स्पेअर पार्टवाल्याचा. झाकणाचे बारा बोल्ट मी त्याच्याकडून नवे आणले. तीन लिटर चारशे मिलिलिटर, एक थेंब इकडे-तिकडे नाही. पहिले चार बसले. पाचवा टक्‌ करून तुटला. मी दुकानात जाऊन तक्रार केली, त्याने बदलून दिला. तुटलेला तुकडा आत अडकला होता, तो काढायला पुन्हा त्याच लेथवाल्याकडे जावं लागलं. (तो फक्त हसला. ते जास्त वाईट.) आज सकाळी सातवा तुटला. मी पुन्हा दुकानात गेलो आणि भर गर्दीत विचारलं, तुम्ही बोल्ट विकता की मेणबत्त्या? तर तो म्हणतो, बोल्ट माझा, हात तुझा. मी म्हटलं, हाताचा संबंधच नाही, मी हात लावतच नाही, पाणी लावतं! दुकानातले सगळे हसले. त्याने नवा बोल्ट काउंटरवर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हे पत्र मी बाथरूमच्या बाहेर पाटावर बसून लिहितो आहे, कारण मी दुकानातून परत आलो तर आतून कडी. आई कपडे धुते आहे म्हणाली. (पाऊण तास झाला. पाण्याचा आवाज काही येत नाही.) तात्पर्य, माझी पद्धत बरोबर आहे, पुस्तक बरोबर आहे, हिशोब बरोबर आहे, आणि या गावात धड बोल्ट मिळत नाही यात माझा दोष नाही. सोमवारी काय होईल सांगता येत नाही. पण निकाल द्याल तेव्हा हे सगळं लक्षात घ्यावं, एवढंच मागणं आहे.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद, आणि मला मिलिमीटर म्हणणाऱ्या मंडळींना काहीही नाही.

तुमचा भाचा

ता. क. पत्र पाकिटात घातलं नव्हतं ते बरं झालं. आई कपडे धूत नव्हती. दार उघडलं तर झाकणाचे उरलेले बोल्ट बसलेले, अडकलेला तुकडा चिमट्याने काढून साबणदाणीत ठेवलेला, आणि ती पदराला हात पुसत उभी. मला अंघोळ करायची होती, तू काही आवरेनास, म्हणाली. मी चिडून बादली भरली. म्हटलं, आता तुझ्या बोल्टांची परीक्षा घेतो. मी लटकवणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. आधी रिकामी लटकव." मी तिच्या समाधानासाठी एक बोल्ट सैल केला आणि रिकामी बादली लावली. पाना खाली गेला. मामा, बादली लोखंडी आहे. वजनकाट्यावर ती एक किलो चारशे ग्रॅम भरली. मी पाणी चार वेळा तपासलं, पण ज्यात पाणी होतं ती हिशोबात धरायचीच राहिली. आई ती रोज उचलते, तिला माहीत होतं. बादलीचं वजन वजा करून मी तिचे बाकीचे सगळे बोल्ट तपासले. एकही जागचा हलला नाही. कसं कळतं, विचारलं तर म्हणाली, घट्ट झालं की कळतं, त्याच्यापुढे जे फिरतं ते घट्ट होत नसतं, तुटत असतं. मी हे वहीत लिहून घेतलं. स्पेअर पार्टवाल्याची माफी मागायला उद्या जाईन. मी बसवलेले सहाही बोल्ट आणि डोक्याकडचे नट सैल करून पुन्हा बसवायचे आहेत, सातव्याच्या जागी नवा लावायचा आहे, तेही उद्याच.

ता. क. २. शनिवार. इंजिन गाडीत चढवलं. बॅटरी मेलेली आहे, म्हणून दोरी ओढून सुरू करायचं ठरलं. मी तीनदा ओढली. चौथ्यांदा बाबांनी ओढली आणि इंजिन सुरू झालं. दोन मिनिटं निळा धूर आला, मग स्वच्छ. कुठून गळत नाही, फुसफुसत नाही. बाबा सगळ्या शेजाऱ्यांना सांगत आहेत की त्यांनी सुरू केलं. मी त्यांना अडवलं नाही. मी आत जाऊन थोडा वेळ पलंगावर बसलो.

ता. क. ३. आईने हे सगळं पत्र वाचलं. पहिल्या पानावर स्कूटरची गोष्ट आली तिथे ती थांबली आणि खूप वेळ हसली. मग म्हणाली, तुझ्या मामाला विचार, त्या दुपारी दोन बोल्ट तोडून माळ्यावर जाऊन रडत कोण बसलं होतं, आणि खाली इंजिन कोणी बांधलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती म्हणे. आजोबा येण्याच्या आत ती हात धुऊन अभ्यासाला बसली. मला हे खरं वाटलं नाही, मामा. पण ती बाटलीचं झाकण लावते ते कधी गळत नाही आणि कधी अडकतही नाही, हे आजच पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

तेव्हा खरी विनंती अशी. मला सोमवारी कामावर घ्यावं. इंजिन मी एकट्याने बांधलेलं नाही हे वर स्पष्ट लिहिलं आहे, नियमात बसत नसेल तर तसं कळवावं. कार्बोरेटरला मला पूर्ण दिवस लागेल. टॉर्क रेंचला हात लावायची परवानगी असावी.

आईचा निरोप तिच्याच शब्दांत: "त्याला घेतलंस तर चांगलंच. नाही घेतलंस तर सोमवारी मी येते, वर्कशॉप बघायचं राहूनच गेलंय. चहाच्या सुट्टीला सगळ्यांना स्कूटरची गोष्ट सांगीन. उरलेली अर्धी."