बोकड अंग झाडीना

चि. भाऊसो यास, कडेगावहून दाजीचे आशीर्वाद.

तुझी तब्येत, मेंढरं आणि माणातलं पाऊसपाणी बरं असेल असं धरून चालतो. आम्ही धडधाकट आहोत, पण कालच्या जत्रेत बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. (फौजेतसुद्धा माझी वाचा अशी कधी बसली नव्हती.)

इंद्रजित सीमेवरून रजेवर सुखरूप आला तर देवीला बोकड देईन, हा तुझ्या बहिणीचा नवस. पोरगा आला. बोकड तू दिलास आणि बजावलंस, "दाजी, नवसाच्या बोकडाला नाव ठिवू नगा, जीव गुततोय." मी नाव अजिबात ठेवलं नाही. फक्त हुद्दा दिला, हवालदार. आता हवालदार म्हटल्यावर अंगाला वास येऊन कसं चालेल? रोज सकाळी पाइपाने आंघोळ सुरू केली. (शेरडाला पाण्याचं वावडं असतं, हे तू सांगितलं नव्हतंस.) तो अंग झाडायचा आणि आंघोळ माझीच व्हायची. मग "सावधान" शिकवलं. न हलता उभा राहिला की मूठभर हरभरा, "विश्राम" म्हटल्यावरच अंग झाडायचं. शेवटी शेवटी टाकी रिकामी झाली तरी पठ्ठ्या ढिम्म!

काल देवळापुढे पुजारी नानासोंनी त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं. अंग झाडलं तरच देवीने घेतला, त्याशिवाय सुरी लावायची नाही, हे तुला ठाऊकच आहे. हवालदार मान ताठ करून उभा! दुसरा तांब्या झाला, अख्खी घागर झाली. भावकीची तोंडं उतरली. अंबूबाई चुलती तर रडायलाच लागल्या. नानासो म्हणाले, "आवं सयाजीराव, देवी घेत न्हाई. घरात कायतरी चुकलंय." तिकडे मसाला वाटून तयार, पाहुणे बसलेले. मी एकदा "विश्राम" म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण तोंड उघडेना रे. पोराचा नवस फिटत नव्हता आणि मला आतून आनंद होत होता. शेवटी नारळ फोडला आणि पाहुण्यांना वांग्यावर भागवावं लागलं.

तुझा दाजी,
सयाजी

ता. क. घागर ओतताना हवालदाराची कातडी थरथरली होती. संपलं म्हणून मी डोळे मिटले, तोच मागून दबक्या आवाजात "सावधान!" ऐकू आलं. हादरून वळलो तर तुझी बहीण मंगल, हात जोडून उभी. नवस तिचा, पोरगं तिचं! त्यानंतर आम्ही या विषयावर अवाक्षर काढलेलं नाही.

आणखी एक. नवस राहिलाय आणि मंगलच्या डोळ्याला डोळा नाही. इंद्रजितची रजा संपायच्या आत दुसरा बोकड आण. थेट देवळात ने. आमच्या दारावरून नेऊ नकोस, आणि तो काळा की पांढरा हेसुद्धा आम्हा दोघांना सांगू नकोस.