समोरचे दोन निळे पोर्ट

६ जाने. इद्दतचा ३४ वा दिवस.
निरवांगीच्या लीलामावशी बसायला आल्या. उठताना हळूच म्हणाल्या, "इरफान गुणी हुता गं. पन आमच्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग उडवलं त्यानं. दत्ता म्हनला, कंप्युटरच जळला."
कंप्युटर त्यांच्या पाठीमागेच टेबलावर होता. चालू.
इरफान गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, घरात त्याच्यासाठी फातिहाची दुआ चाललेली, दत्ता या कंप्युटरसमोर येऊन बसला होता. शाळेपासूनचा दोस्त, व्हिडिओ शूटिंगच्या दुकानातला भागीदार, म्हणून कुणी अडवलं नाही. लग्नांचं शूटिंग उतरवून न्यायला पुढच्या पोर्टला हार्डडिस्क लावली. कॉपी सरकेना, तशी हिसडून ओढली. पोर्टची आतली पट्टी तुटली. त्याच आठवड्यात इंदापूरच्या दुकानाच्या पाटीवरून इ.चं नाव गेलं. आणि जी लग्नं नेता आली नाहीत, ती मेलेल्या माणसानं घालवली म्हणून सांगतो.
मेलेला उत्तर देणार नाही. त्याची बायको चार महिने दहा दिवस घराबाहेर पडणार नाही. हे द.ला पक्कं माहीत.

९ जाने.
ठरलं. मी जाऊ शकत नाही, पण बायका येतातच. ज्याचं लग्न त्याला परत. पेनड्राइव्ह त्यांनीच लावायचा, आपल्या हातानं. मग गावोगाव त्याच बोलतील.
पण पुढचा एक पोर्ट तुटका, दुसरा इतका संथ की एका लग्नाला पाऊण तास. मागचे आहेत, पण भिंतीत हात घालून द्यायला मी काय चोरी करतेय? समोर हवेत. नवे, निळे, झटपट चालणारे.

१० जाने.
झाकण उघडलं. पंख्याजवळ बडीशेपेचे दोन दाणे. एडिटिंग करताना चघळायचा.
झाकण लावलं. आज नको.

१२ जाने.
पुन्हा उघडलं. बोर्डवर निळ्या पोर्टच्या वायरीसाठी वीस पिनांची जागा आहे, व्हिडिओत दाखवतात तशीच. मोजल्या तर एकोणीस. मोडतोड दिसली की मला एकच नाव सुचतं. दुपारभर मनात शिव्या दिल्या. मग दुसऱ्या व्हिडिओत कळलं, एक पिन मुद्दामच नसते, वायर उलटी बसू नये म्हणून. एक शिवी मागे घेतली. बाकीच्या राहू दिल्या.
फायली बघताना 'आई' नावाचं फोल्डर. द.ची आई, मागच्या उन्हाळ्यात, कुरडया घालताना. इ.वर ओरडतेय, "ते यंतर ठिव आन् आधी खाऊन घे." दिवाळीत गेली बिचारी. इ. पण तिला आईच म्हणायचा.
हे कुणाला द्यायचं नाही. माझ्याकडे आहे याचंच बरं वाटलं.

१५ जाने.
अब्बा एस.टी.नं बारामतीला जाऊन पट्टी घेऊन आले. जुन्या सीडीच्या खणात बसणारी, दोन पोर्टची.
"दुकानदार म्हनला, बसवायला मानूस दिऊ का? म्हनलं नगं, सून बसवती. बघतच ऱ्हायला."
अब्बा हसले. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा.

१६ जाने.
वायर तिरकी दाबली, एक पिन वाकली. ही माझीच चूक. शिवणाच्या सुईनं, श्वास धरून, सरळ केली. पट्टी खणात सरकवली. चालू केलं. पेनड्राइव्ह लावला. दिसला!
इ.ला हाक मारायला तोंड उघडलं होतं.

१९ जाने.
लीलामावशी मुलीला घेऊन आल्या. पेनड्राइव्ह मुलीनंच लावला. चहाला उकळी येईपर्यंत काम झालं.
"अगं बया, ही तर माजी आई नाचती!" मग, "त्या दत्त्याकडं बघतेच आता."
"बघा," म्हटलं. एवढंच.

२७ जाने.
सांगवीचं आज दिलं. अकरा घरं झाली. अब्बा बाजारात ऐकून आले, जो तो द.ला विचारतो, जळलेला कंप्युटर बरा झाला का? दुपारीच शटर ओढतो म्हणे.
आज एक भाकरी जास्त खाल्ली.

२९ जाने.
द. आला. अंगणातच थांबला. मला ऐकू जाईल असं बोलला. "चाचा, भाभीला म्हनावं, झालं ते झालं."
अब्बा म्हणाले, "काय झालं ते नीट सांग की. कंप्युटर जळाला का तुजी जीभ?"
गेला.

२ फेब्रु.
द.ची बायको सुरेखा आली. पेनड्राइव्ह मुठीत. "त्यास्नी म्हाईत न्हाय मी आलेलं. आत्याबाईंचा आवाज कुठंच न्हाय ओ भाभी. फोनमधी पन न्हाय. कुरडयांचं त्ये शूटिंग तुमच्याकडंच आसंल. जेवता जेवता उठत्यात."
तिनं स्वतःच लावला, डावीकडच्या पोर्टला. दिवा लागला. चार मिनिटांचंही काम नाही.
म्हटलं, "दुकानासमोर उभं राहून, पाच माणसांत, त्यानं म्हणावं. इरफाननं काही उडवलं नाही."
"त्ये न्हाई म्हनायचं."
"मग आवाजही नाही."
पेनड्राइव्ह काढायला तिचा हात पुढे झाला, थांबला. "ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाली.

५ फेब्रु.
तिघी येऊन गेल्या. सगळ्यांचं उजव्या पोर्टवरून दिलं.
'आई' दोनदा उघडलं. "आधी खाऊन घे." दोनदा बंद केलं.
अब्बा आत्ताच इंदापूरहून आले. द. दुकानासमोर शिडीवर उभा आहे म्हणे, पाटीला हात लावून. खाली माणसं जमलीत.
"इरफानचं नाव लावतूय का पाटीच काढतूय, कळंना," म्हणाले.
डाव्या पोर्टचा दिवा चालू आहे. सुरेखाचा पेनड्राइव्ह अजून रिकामा.